पाहणीची वही आणि सीमेचा दगड

अथणी तालुक्यातून जत तालुक्यात जाताना मध्ये नदी लागत नाही की डोंगर लागत नाही. दोन्हीकडे तीच मुरमाड जमीन, त्याच खुरट्या बाभळी आणि पावसाकडे डोळे लावून बसलेली तीच शेते. कडेला एक दगड येतो, पाटीवरची लिपी बदलते, आणि आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलो एवढेच काय ते कळते.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, जत तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात दिलेली. १९८० च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा भरदुपारी घराला कुलूप होते. आक्का पाझर तलावाच्या कामावर गेली होती. संध्याकाळी डोक्यावरचा पदर झटकत आली, पाणी प्यायली आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "आरं, काम मागितलं की सरकारला द्यायलाच लागतंय म्हणत्यात. नाव घातलंय मी तलाठ्याकडं." तिने ट्रंकेच्या तळातून नाव नोंदल्याचा कागद काढून दाखवला. घराच्या उताऱ्याइतक्या जपून तो घडी करून ठेवला होता.

परत आल्यावर ही गोष्ट मी गल्लीत सांगितली. आमच्या शेजारी एक शेतमजूर बाई राहत. सुगी संपली की त्यांच्या घरची चूल कशी पेटते हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "तिकडं द्यायलाच लागतंय, मग इकडं का न्हाई, मास्तर?"

मी शाळेत नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवत होतो. मागणी, पुरवठा, बेकारीचे प्रकार हे सगळे फळ्यावर लिहून देत होतो. पण त्या प्रश्नाला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे बरीच वर्षे सवड मिळेल तसे वाचत गेलो आणि ध्यानात आले की, आक्काच्या ट्रंकेतल्या त्या कागदाला साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराच भाग विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या पाहणीच्या वह्यांमधून गेलेला आहे. तो इतिहास आपल्या सीमाभागातल्या वाचकांसमोर मांडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पिंपळे सौदागरची शेते

आजचे पिंपळे सौदागर म्हणजे पिंपरी-चिंचवडमधली उंच इमारतींची वस्ती. शंभर वर्षांपूर्वी ते पुण्याजवळचे एक साधे खेडे होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन या गावाची घरोघर आणि शेतोशेत पाहणी केली. तिचा अहवाल मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेत १९१७ साली प्रसिद्ध झाला. दुसरा भाग जातेगाव बुद्रुक या गावाचा. तो त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह लिहिला आणि तो १९२१ साली निघाला.

त्या काळी खेड्यांविषयी लिहिणारे थोडे नव्हते. शेतकरी लग्नकार्यात पैसे उधळतो म्हणून कर्जात बुडतो, मजूर आळशी असतो, अशी विधाने साहेबही करीत आणि आपले शहाणेही करीत. मॅन यांनी विधान करण्याऐवजी मोजणी केली. पिंपळे सौदागरमध्ये १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती, आणि त्यातले निम्म्याहून अधिक तुकडे एकरापेक्षाही लहान होते. हिशेब मांडून मॅन यांनी दाखवले की, सगळे मनासारखे जुळून आले तरी १०० पैकी ८१ खाती आपल्या मालकाचे कुटुंब निव्वळ शेतीवर पोसू शकत नाहीत. म्हणजे गावातला शेतकरी म्हणवणारा माणूस वर्षातला मोठा काळ मजूरच होता. फक्त त्याला तसे म्हणायचे नव्हते.

या प्रश्नाला दुसऱ्याच वर्षी एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने हात घातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावरचा त्यांचा निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. तुकडे जोडा म्हणजे शेती सुधारेल, असे तेव्हाचे सरकारी मत. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा फिरवला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्याला जोडीला भांडवल, अवजारे आणि श्रम किती आहेत यावर ते ठरते. खरी अडचण अशी की, जमिनीवर गरजेपेक्षा फार जास्त माणसे अडकून पडली आहेत. त्यांना दुसरीकडे काम नाही, म्हणून ती शेतीत आहेत. त्यांना काम देणारे उद्योग उभे राहिले तरच शेतीही सुधारेल. पुढे छुपी बेकारी हे नाव ज्या गोष्टीला मिळाले, तिचे वर्णन या निबंधात आहे.

शहरातही मोजणी सुरू झाली होती. १९२१ साली स्थापन झालेल्या मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल १९२३ साली लिहिला. त्यातली एक तुलना फार गाजली. मुंबईचा कामगार जेवढे धान्य खातो ते दुष्काळी कायद्यातल्या कमाल शिध्याइतके आहे, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला नियमाप्रमाणे मिळणाऱ्या धान्यापेक्षा कमी आहे, असे सरकारच्याच कागदावर छापून आले. दहा सभांतल्या भाषणांनी जे झाले नसते, ते त्या एका कोष्टकाने झाले.

पुण्याची संस्था

६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेची स्थापना झाली. देणगी दिली साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी. संस्था भारत सेवक समाजाच्या छत्राखाली उभी राहिली, आणि पहिले संचालक म्हणून आले धनंजयराव गाडगीळ. तेव्हा त्यांचे वय एकोणतीस. केंब्रिजमध्ये लिहिलेल्या त्यांच्या प्रबंधाचे पुस्तक १९२४ सालीच निघाले होते. भारतातल्या उद्योगधंद्यांची वाढ हा त्याचा विषय. असा विद्वान माणूस ग्रंथालयात बसून आणखी चार ग्रंथ लिहू शकला असता. गाडगीळांनी मात्र संस्थेच्या लोकांना हातात कोरे तक्ते देऊन रस्त्यावर पाठवले.

१९३७ च्या सुमारास पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. एवढ्या मोठ्या शहरातल्या प्रत्येक घरी जाणे अशक्य, म्हणून नमुन्यादाखल घरे निवडली. निवड कशी करायची याचे नियम आधी ठरवले आणि मग ते काटेकोरपणे पाळले. आज ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. त्या काळी आपल्या देशात ती नवीच होती. पाहणीचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. १९५४ साली शहराची पुन्हा पाहणी करून लोकांचे धंदे आणि मिळकत मधल्या काळात कशी बदलली हेही तपासले गेले.

आपल्याला अधिक जवळची पाहणी कोल्हापूरची. संस्थेचे नी. वि. सोवनी यांनी ती पार पाडली. लोकसंख्येवरचा पहिला खंड १९४८ साली निघाला, तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होते. उद्योग, व्यापार आणि कामगार यांच्यावरचा दुसरा खंड १९५१ साली आणि कुटुंबजीवनावरचा तिसरा १९५२ साली आला, तोवर कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले होते. राज्ये विलीन होतात, फुटतात, नव्याने आखली जातात. पण त्या तीन खंडांत त्या काळचे कोल्हापूर, त्याचे कारागीर, हमाल आणि घरकाम करणाऱ्या बाया यांच्यासह टिपलेले आहे.

या पाहण्यांचे काम कसे चालते, याची थोडी कल्पना वाचकांना असावी. मजुराला 'वर्षाला किती मिळतात?' असे विचारले तर तो खोटे बोलत नाही, पण त्याला खरे सांगताही येत नाही. आज काम आहे, उद्या नाही. कुठे पैसे मिळतात, कुठे पायली-दोन पायल्या जोंधळा मिळतो. मात्र गेल्या तीस दिवसांत घरात ज्वारी किती आली, तेल किती लागले, मीठ-मिरचीला काय गेले, हे घरातली बाई सांगू शकते. म्हणून पाहणी करणारा मिळकतीपेक्षा खर्चावर भर देतो. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने देशभर हाच मार्ग धरला. गरिबीविषयी आपल्याकडे जे काही ठामपणे सांगता येते, ते हजारो बायकांनी ओट्यावर बसून, बोटे मोजत दिलेल्या या उत्तरांवर उभे आहे. त्यांच्या नावांची नोंद कुठल्याही ग्रंथात नाही.

कायदा आणि गाव

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ साली कुळकायदा केला. तेव्हा आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. खंड किती घ्यायचा, कुळाला केव्हा काढता येईल आणि केव्हा नाही, हे सारे कायद्यात स्वच्छ लिहिले होते. गावात त्यातले किती उतरले, हे पाहायला गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि गु. ज. खुदानपूर गेले. त्यांचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना आजही वाईट वाटते. कायद्याने ठरवलेल्या खंडाची गावात फारशी कुणी दखल घेतली नव्हती. जमिनीचे आणि कुळांचे व्यवहार जणू कायदा झालाच नाही अशा रीतीने चालले होते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले अ. म. खुस्रो यांनी निजामी मुलखाचा असाच अभ्यास केला. तो १९५८ साली आला. १९५१ मध्ये ज्यांना संरक्षित कुळे म्हणून दाखले मिळाले होते, त्यांच्यापैकी चार वर्षांनी निम्म्याहून कमी कुळे त्या नात्याने जमिनीवर उरली होती. काहींनी जमीन विकत घेतली होती, पण कितीतरी जणांना बेकायदा हुसकले होते आणि कितीतरी जणांनी जमीन 'स्वखुशीने' सोडल्याचे कागदोपत्री होते. ही स्वखुशी कशी असते, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

इथे आपल्या सीमेची गोष्ट सुरू होते. मुंबई राज्याने १९५६ साली कायदा दुरुस्त करून १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक व्हायचे. पण त्याआधी पाचच महिने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. इकडच्या कुळांना मोठ्या प्रमाणावर मालकी मिळायला देवराज अर्स यांच्या सरकारने १९७४ साली केलेल्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली. मात्र तो कायदा आला तो चांगल्या जोराने आला. नमुना सातचा अर्ज भरायचा, तालुक्याच्या भू-न्यायमंडळापुढे उभे राहायचे, आणि सुरुवातीला तिथे वकिलांनाही मज्जाव. आमच्या भागातल्या कित्येक मराठी कुळांना जमीन मिळाली ती या कन्नड अर्जावर. सीमेपलीकडच्या कित्येक कुळांनी ती १९५७ च्या आधीच 'स्वखुशीने' गमावली होती. तेव्हा सीमेने एका बाजूचे फक्त नुकसान केले आणि दुसऱ्या बाजूचे फक्त कल्याण केले, असा सोपा हिशेब निदान या बाबतीत मांडता येत नाही.

पंधरा रुपयांची रेषा

वि. म. दांडेकर साताऱ्याचे. मूळचे संख्याशास्त्रज्ञ, स्वभावाने परखड. १९६६ साली गाडगीळांनंतर ते संस्थेचे संचालक झाले. ओडिशातून पुण्याला येऊन इथलेच झालेले नीळकंठ रथ हे त्यांचे सहकारी. या दोघांनी फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास केला. तो जानेवारी १९७१ मध्ये प्रथम 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दोन भागांत आला आणि मग पुस्तकरूपाने निघाला. गरिबी हटावची घोषणा देऊन त्याच साली निवडणूक लढवली गेली. त्या गदारोळात नेमके किती लोक गरीब, याचे हिशेबी उत्तर या अभ्यासात होते.

त्यांची रीत साधी होती. माणसाला दिवसाला सरासरी २२५० उष्मांक मिळावेत असे धरले. मग राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कोष्टकांतून शोधले की, महिन्याला किती खर्च करणाऱ्या कुटुंबात एवढे अन्न पोटात जाते. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, असे उत्तर आले. या रेषेखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक होते. पुढची सात वर्षे तपासली तर आणखी एक गोष्ट दिसली. खेड्यातल्या तळच्या २० टक्के लोकांची स्थिती होती तिथेच राहिली होती, आणि शहरातल्या तळच्या २० टक्के लोकांची बिघडली होती. विकासाची फळे वरच्या थरातच अडकली होती.

मग उपाय काय? जमीन वाटून द्यावी, हे तेव्हाचे आवडते उत्तर. दांडेकर-रथांनी हिशेब करून सांगितले की, सर्वांना पोटापुरती पुरेल एवढी जमीनच नाही. पिंपळे सौदागरच्या तुकड्यांत मॅन यांना जे दिसले होते आणि आंबेडकरांनी ज्यावर बोट ठेवले होते, तेच त्रेपन्न वर्षांनी देशभरच्या आकड्यांतून पुढे आले. ज्यांच्याजवळ जमीन नाही आणि अवजारही नाही, त्यांच्याजवळ श्रम आहेत. तेव्हा त्या श्रमांना किमान मजुरीवर काम मिळेल अशी हमी द्या, बांधबंदिस्ती, तलाव, रस्ते अशी कामे काढा, आणि त्याचा पैसा वरच्या थराकडून कराच्या रूपाने घ्या, असे त्यांनी सुचवले.

या रेषेवर वादही झाला, आणि तो पुण्यातच. डॉ. पां. वा. सुखात्मे हेही सातारा जिल्ह्यातलेच, बुध गावचे. जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. रोमच्या अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ काम करून ते पुण्याला परतले होते. त्यांचे म्हणणे असे की, एकाच निरोगी माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते आणि शरीर ते सांभाळून घेते. सरासरीची रेषा ओढून तिच्याखालच्या सर्वांना उपाशी ठरवणे चूक आहे. १९८० च्या आसपास दांडेकर आणि सुखात्मे यांची या प्रश्नावर जोरदार खडाजंगी झाली. दांडेकरांना भीती अशी की, या युक्तिवादाने उपाशी माणसांचा आकडा कागदावरच कमी होईल. सुखात्म्यांना चिंता अशी की, नुसते धान्य मोजण्याच्या नादात स्वच्छ पाणी आणि आरोग्य मागे पडेल. माझ्यासारख्या साध्या शिक्षकाला दोघांचेही काही ना काही पटते. दुसऱ्याच्या पोटाची भूक किती, यावर दोन मोठ्या माणसांनी इतक्या गांभीर्याने भांडावे, याचे आज कौतुक वाटते.

विसापूर ते मंत्रालय

इथे एक खुलासा केला पाहिजे. दांडेकर-रथांनी पुस्तक लिहिले आणि सरकारने रोजगार हमी योजना काढली, असे काही जण सांगतात. इतिहास इतका सरळ नाही. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे गांधीविचारांचे कार्यकर्ते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, काम मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांच्या प्रेरणेने साठच्या दशकाच्या अखेरीसच झाला होता. पुण्यातले संशोधन आणि विसापूरचा प्रयोग दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येत होते. त्यांची गाठ घातली ती दुष्काळाने.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना मिलो आणि सुकडी हे दोन शब्द उच्चारले तरी पुरे. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी आणि कामावरच्या माणसांना मिळणारी ती सुकडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फुटत होती, नाले बांधले जात होते. जमीनदार घराण्यातल्या सुना भूमिहीन बायांच्या शेजारी बसून हातोडा चालवत होत्या. आमच्याकडेही, म्हैसूर राज्यात, कामे निघाली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुटीत एका रस्त्याच्या कामावर हजेरी घेत होतो.

पाऊस झाला, आणि इकडची कामे संपली. तिकडे मात्र त्या अनुभवातून हक्क निघाला. योजना राज्यभर रुजली. १९७५ साली व्यवसाय कर आला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापले जाणारे ते पैसे आणि सरकारची तेवढीच भर यांतून निधी उभा राहिला. दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केलेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. इथे तो प्रथमच एका राज्यातल्या खेडुताच्या हातात कायदा म्हणून आला. नमुना चारवर नाव नोंदवायचे, नमुना पाचवर काम मागायचे, पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता, तेव्हा दिवसाला किमान एक रुपया. स्त्री-पुरुषांना एकाच दराने मजुरी, आणि कामावर पाणी व लहान मुलांसाठी पाळणाघर.

यातले सगळे झाले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. भत्ता मिळाल्याची उदाहरणे दुर्मीळ. पाळणाघर म्हणजे बहुधा बाभळीला बांधलेली साडीची झोळी. खोट्या हजेऱ्या, अर्धवट राहिलेले तलाव, मापात मारलेली मजुरी, हे सारे होते. तरीही १९७९-८० साली सुमारे वीस कोटी मनुष्यदिवसांचे काम निघाले, आणि कामावर बायांची संख्या पुष्कळ असे. १९८८ साली मजुरीचे दर जवळजवळ दुप्पट झाले. त्यानंतर कामाचे दिवस झपाट्याने घसरले. परदेशी आणि देशी अभ्यासकांनी आकडे तपासून दाखवले की, मजुरी वाढल्यावर कामांची संख्याच आखडली आणि हमी पातळ झाली. हक्क मोडीत काढायला कायदा रद्द करावा लागत नाही, कामे उघडली नाहीत तरी पुरते. ही गोष्टही उजेडात आणली ती पाहणीच्या आकड्यांनीच.

दगडाच्या अलीकडे

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. तिकडे द्यायलाच लागते, मग इकडे का नाही? उत्तर भाषेत सापडत नाही. जतच्या पूर्व भागातली कितीतरी गावे कन्नड बोलतात. त्या कन्नड मजुरांना महाराष्ट्राच्या कायद्याने कामाचा हक्क दिला. अथणी, चिकोडी, खानापूरच्या मराठी मजुराला तो मिळाला नाही. इकडे केंद्राच्या योजना आल्या. १९८० ची राष्ट्रीय ग्रामीण रोजगार योजना, १९८९ ची जवाहर रोजगार योजना. पण सरकार काम काढील तेव्हा जायचे, एवढाच त्यांचा अर्थ. मागण्याचा अधिकार नव्हता. आम्ही सीमेसाठी मोर्चे काढले, सत्याग्रह केले, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण त्या बाईंचा प्रश्न आमच्या एकाही ठरावात आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. त्यांच्या शेजारची कन्नड मजूर बाईही तितकीच बेकार होती, आणि दोघींनी मिळून कामाचा कायदा मागावा, हे आम्हा शिकल्या-सवरलेल्यांना कधी सुचले नाही.

दोन्ही राज्यांतल्या अर्थतज्ज्ञांनी मात्र एकच काम केले. १९८४ साली दांडेकर समितीने महाराष्ट्रातल्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला आणि 'अनुशेष' हा शब्द घरोघरी पोचवला. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डी. एम. नंजुंडप्पा यांच्या समितीने २००२ साली कर्नाटकातले १७५ पैकी ११४ तालुके मागासलेले असल्याचे दाखवले. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले, तर राजधानीपासून दूरच्या कोरडवाहू मुलखाचे दुखणे दोन्ही बाजूंना एकच दिसते.

२००५ साली केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला. त्याच्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. या कायद्यात कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांचे बंधन नव्हते. बेळगाव जिल्ह्याचा समावेश दुसऱ्या टप्प्यात, २००७ साली, झाला. आक्काने काम मागितले त्याला तोवर सत्तावीस वर्षे होऊन गेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. दिवस सव्वाशे झाले, खर्चातला राज्यांचा वाटा वाढला, आणि ऐन हंगामात काही काळ कामे बंद ठेवण्याची तरतूद आली. त्याचा परिणाम काय होतो, हे पुन्हा कुणीतरी वही घेऊन दारोदार जाईल तेव्हाच कळेल.

२००८ सालच्या उन्हाळ्यात त्या बाईंची सून माझ्याकडे आली. हातात कोरे करकरीत जॉब कार्ड. सून जतकडची, मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेली. कार्ड कन्नडमध्ये. मी वाचून दाखवले. सासूबाई आता थकल्या होत्या, काठी टेकत मागोमाग आल्या आणि उंबऱ्याशी बसल्या.

"तिकडच्यागतच हाय काय हे, मास्तर?"

"जवळजवळ तसंच," मी म्हणालो. "काम मागायचं, पण तोंडी नाही, अर्ज द्यायचा. आणि पंचायतीतून तारीख घातलेली पावती घ्यायची. पावतीवर तारीख असली तरच पंधरा दिवस मोजता येतात."

पावतीचे मी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगू लागलो तशी सुनेने माझ्या टेबलावरचे पेन्सिल आणि पाठकोरा कागद उचलला, आणि 'तारीख' एवढा एकच शब्द मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.